थकवा अंगावर काढू नका

"मॅडम, एक बाटली लावा की. अंगात काय राहिलंच नाही बघा."

सोमवारी आमच्या गावचा बाजार असतो. बाजाराच्या पिशव्या दवाखान्याच्या पायरीशी टेकवून बायका आत येतात आणि त्यांतली एखादी तरी हे बोलतेच. बाटली म्हणजे सलाईन. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवून मला आता तीस वर्षं होतील. ताप-खोकल्याच्या खालोखाल मी काही ऐकलं असेल तर ते थकव्याचं गाऱ्हाणं. त्याला नावं तरी किती! शीण आलाय, गळाठा आलाय, अंग मोडून येतं, हातापायांत जीव नाही, पोटऱ्या ओढतात, डोकं भणभणतं. आणि हल्ली या सगळ्यांचं मिळून एकच, वीकनेस. या शेवटच्या शब्दाने फार नुकसान केलंय. आधीच्या नावांत निदान फरक तरी होता. पोटऱ्या ओढणं वेगळं आणि गळाठा वेगळा हे आपल्या आजीला कळत होतं. वीकनेस म्हटलं की सगळं एका पोत्यात, आणि त्यावर औषधही एकच.

त्या बाटलीचा हिशेब एकदा करून टाकू. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोज-सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर असते आणि साडेचार ग्रॅम मीठ. बाकी पाणी. म्हणजे साखर पाच चमचे, मीठ जेमतेम एक चमचा. सगळं मिळून ताकद एका कोरड्या पोळीइतकी. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या, घोटभर पाणी पोटात न ठरणाऱ्या माणसाचा ती बाटली जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. पण चालत दवाखान्यात आलेल्या, चहा पिऊन आलेल्या माणसाला तिचा उपयोग लिंबू-सरबतापेक्षा जास्त नाही. त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळलं की पाणी पिवळं होतं आणि बिलही वाढतं, एवढंच.

मग लोकांना बरं का वाटतं? वाटतं, खरंच वाटतं. मी पाहिलंय. तास-दीड तास ती बाई खाटेवर आडवी असते. डोक्यावर पंखा असतो. कुणी हाक मारत नाही, कुणी चहा मागत नाही, घरचं कुणीतरी उशाशी बसून असतं. भरदिवसा आडवं व्हायला तिला घरी दुसरं कुठलंच निमित्त मिळत नाही. दवाखाना नवा होता तेव्हा मीही मुकाट बाटल्या लावल्या आहेत, कारण मी नाही लावली तर शेजारच्या गल्लीत लावतात हे मला माहीत होतं. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते.

तर त्या सोमवारी आलेल्या मावशींना मी बाटली लावली नाही. त्या नाराज झाल्या. वय चव्वेचाळीस, अंगावर धुवट पातळ, बरोबर कॉलेजातला मुलगा. मी विचारलं, "सकाळी उठल्यावर कसं असतं?"

"उठल्यापास्नंच नको वाटतंय."

"चढ चढताना दम लागतो?"

"हंडा उचलला की छातीत धडधडतंय. मधी बसावं लागतंय."

"पाळीला किती दिवस जातं?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मी त्याला औषधाच्या दुकानात चिठ्ठी देऊन पाठवला. तो उंबऱ्याबाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "धा-धा दिस. गाठी पडत्यात. वय झालं की असंच असतंय म्हनं."

मी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली असायला हवी, तिथे कागद होता. रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत थकवा म्हणजे मुळात काय, ते सांगते.

आपल्या मनात थकव्याचं चित्र मोटारसायकलच्या टाकीचं असतं. पेट्रोल संपलं, गाडी थांबली, भरलं की चालू. शरीराचं तसं नसतं. कितीही दमलात तरी स्नायूतली ऊर्जा संपून शून्यावर येत नाही. शून्यावर आली तर स्नायू सैल पडत नाही, उलट लाकडासारखा ताठ होतो. माणूस गेल्यावर काही तासांनी शरीर कडक होतं ते त्यामुळेच. म्हणजे आपण "मेल्यासारखे" दमलो असं म्हणतो तेव्हाही टाकीत बरंच काही शिल्लक असतं.

दुसरं चित्र आंबण्याचं. "चालून चालून पाय आंबले" असं आपण म्हणतो, आणि गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं अक्षरशः हेच मानलं. आंबट दह्यात असतं तेच लॅक्टिक आम्ल. शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. पुढे थकलेल्या स्नायूतही तेच सापडलं. १९२२ चं नोबेल हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी मिळालं, त्यात या आम्लाचा मोठा वाटा. मग पाठ्यपुस्तकांत बसलं की श्रम केले, आम्ल साठलं, पाय दुखले. जिममधली मुलं आजही हेच सांगतात. पण जोराचे श्रम थांबवल्यावर तासाभरात, फार तर दोन तासांत हे लॅक्टेट रक्तातून जवळजवळ निघून जातं. हृदय आणि दुसरे स्नायू ते चक्क इंधन म्हणून वापरतात. आणि दुखतं कधी? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. रविवारी सिंहगड चढून-उतरून आलात की सोमवारी नाही, मंगळवारी जिना उतरताना भिंत धरावी लागते. ते दुखणं प्रामुख्याने उतरणीचं असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरतो, त्यात त्याच्या बारीक तंतूंना इजा होते, ती दुरुस्त होताना सूज येते. त्याला आंबणं म्हणायला माझी हरकत नाही, शब्द छान आहे. फक्त त्यावर लिंबू-सोडा पिऊन उपयोग नाही. हलकं चाललात, गरम पाण्याने अंग शेकलंत की चार दिवसांत आपोआप जातं.

स्नायू प्रत्यक्ष जागेवर दमतो तो वेगळ्या कारणांनी. प्रत्येक आकुंचनाला स्नायूच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम सुटावं लागतं. जोराच्या श्रमात फॉस्फेट साठत जातं, कॅल्शियम नीट सुटेनासं होतं, पकड ढिली पडते. दोन-दोन तास एकसारखी मेहनत केली तर स्नायूतली साठवलेली साखरही खाली येते. पण यातलं काहीच तुम्हाला "बस्स, आता नको" म्हणत नाही. ते म्हणतो मेंदू.

याचं मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं प्रात्यक्षिक पालखीच्या वाटेवरचं. एका वर्षी माउलींच्या पालखीच्या वेळी मी माळशिरसला आरोग्य शिबिरात होते. आळंदीहून निघून जवळपास दोन आठवडे चाललेली माणसं. तळपायाला फोड, घोटे सुजलेले, साठी-सत्तरीच्या आजी तेल लावून घेताना बसल्या बसल्या पेंगत होत्या. "पाऊल उचलत नाही बाई" असं त्यातल्या एकीने मला शपथेवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी वेळापूरच्या अलीकडे धावा होता. तुकोबांना इथूनच पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. आणि त्या आजी धावल्या. पदर खोचून, टाळ्या वाजवत. उतार आहे हे मान्य, पण सुजलेले घोटे रात्रीत बरे झालेले नव्हते. स्नायू तेच होते, मेंदूने वेसण सैल केली होती. शर्यतीत शेवटच्या फेरीत धावपटूंचा वेग वाढतो, तेही असंच. टिम नोक्स नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हा विचार गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नेटाने मांडला. मेंदू पुढचा पल्ला, ऊन, शरीराचं तापमान, साखर, आजवरचा अनुभव सगळं जोखून आधीच लगाम खेचतो, आणि त्या लगामाची जाणीव म्हणजे थकवा. त्यांच्या सगळ्याच म्हणण्यावर एकमत झालेलं नाही. पण थकवा हा हिशेब आहे, रिकामी टाकी नाही, एवढं तरी आता बहुतेक जण मानतात.

हा हिशेब फसतोही. २००४ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सायकलपटूंना तासाभराच्या शर्यतीत मधूनमधून पिष्टमय पाण्याची चूळ भरायला दिली. गिळायचं नाही, थुंकायचं. पोटात कण गेला नाही, तरी वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारला. तोंडाला साखर कळली, मेंदूने मानलं की रसद येते आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या आपल्या लोकांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह होतो. ते पोटासाठी देत होते की जिभेसाठी, देव जाणे. गुण मात्र येतो, आणि बाटलीपेक्षा स्वस्त पडतो.

आता डोक्याच्या थकव्याकडे येते, कारण शेतातल्या श्रमापेक्षा त्याच्याच तक्रारी माझ्याकडे जास्त यायला लागल्यात. बँकेतले, शाळेतले, पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेले. "दिवसभर खुर्चीवर तर बसून असतो, मग इतका का दमतो?" बसून दमायला होतं, यात नवल काहीच नाही. इटलीत ट्युरिनचे अँजेलो मोस्सो यांनी माणसाच्या मधल्या बोटाला दोरी बांधून, दोरीला वजन लटकवून ते पुन्हा पुन्हा उचलायला लावणारं यंत्र केलं होतं. तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या आपल्या सहकारी प्राध्यापकाला त्यांनी त्यावर बसवलं, तर बोट नेहमीपेक्षा फार लवकर थकलं. डोकं चालवलं होतं, बोट नाही! थकव्यावरचं त्यांचं पुस्तक १८९१ चं. पुढे २००९ मध्ये वेल्समध्ये झालेल्या प्रयोगात सोळा जणांना एकदा दीड तास डोक्याला ताण देणारं काम दिलं आणि एकदा तितकाच वेळ साधा माहितीपट दाखवला. दोन्ही वेळा मग सायकल मारायला लावली. डोकं दमलेलं असताना त्यांनी सायकल सरासरी दोन मिनिटं आधी सोडली. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट, यांत त्या घाईचं कारण सापडलं नाही. तेच श्रम त्यांना जड वाटत होते.

पॅरिसमध्ये २०२२ साली आणखी आत डोकावून पाहिलं गेलं. सहा तासांहून जास्त वेळ कठीण बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे आपण स्वतःला आवरतो आणि निर्णय घेतो तिथे, ग्लुटामेट नावाचं रसायन साठलेलं दिसलं. आणि ही माणसं दिवसाच्या शेवटी सोप्या, ताबडतोब मिळणाऱ्या पैशाकडे झुकत होती, थांबून मिळणाऱ्या जास्त पैशाकडे नाही. हा एक प्रयोग आहे, तेवढंच त्याचं वजन. पण माझा सल्ला त्याच्याही आधीपासूनचा आहे. रात्री दहानंतर कर्जाच्या कागदावर सही करू नका, भावकीच्या वाटणीचं बोलू नका आणि मुलाला मार्कांवरून झापू नका. सकाळी तेच बोलणं वेगळं निघतं.

आणि एक काम आहे ज्याला कुणी डोक्याचं काम म्हणतच नाही. आज भाजी काय, दूध किती, सासऱ्यांची बीपीची गोळी संपत आली, गॅस कधी लावला होता, धाकट्याची फी. घरातली एक बाई हे दिवसभर डोक्यात वाहते. रात्री कुणी विचारलं "उद्या डब्याला काय?" की ती फिस्कारते, आणि मग सगळे म्हणतात, हिला काय झालं? तिला काही झालेलं नाही. तो त्या दिवसातला तिचा शंभरावा निर्णय आहे. घरातल्या पुरुषांना माझी विनंती आहे, मदत करू का असं विचारू नका, तो विचार करायचं कामही तिच्यावरच पडतं. गॅस आणि गोळ्या ही दोन खाती पूर्ण आपल्याकडे घ्या, लक्षात ठेवण्यासकट.

चहाबद्दल लिहिलं नाही तर मी मराठी डॉक्टर कसली. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं. ते आपापल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्या जागा आधीच धरून ठेवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं. अ‍ॅडेनोसिन गाडीबाहेर ताटकळतं. झोप गेली असं आपल्याला वाटतं, पण गर्दी वाढतच असते, आणि रुमाल उचलला की सगळे एकदम आत घुसतात. संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं कॅफीन रात्री अकरा-बाराला अंगात असतं. दुपारी जेवणानंतरची पेंग तर अन्नामुळे येते तेवढीच शरीराच्या घड्याळामुळेही, उपाशी राहिलात तरी येते. तिच्यावर चहापेक्षा वामकुक्षी बरी. फक्त वीस मिनिटांची. दोन तास ताणून दिलीत तर रात्रीची गेली.

झोपेचं उधार मात्र फार लबाड असतं. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांच्या चुका आणि मंदपणा एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतका झाला. आणि त्यांना विचारलं, तर ते म्हणत होते की आम्हाला सवय झाली, फारशी झोप येत नाही. "मला पाच-सहा तास पुरतात" असं अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवते. त्यातले निम्मे माझ्यासमोर खुर्चीत जांभया देत असतात. आणि मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपलाय हा तर शुद्ध गैरसमज. घोरता घोरता श्वास मध्येच थांबत असेल, दचकून सुरू होत असेल, तर त्याची झोप रात्रभर मोडते आणि दिवसा तो गाडी चालवताना डुलकी घेतो. अशा माणसाला बायकोने डॉक्टरकडे घेऊन यावं. त्याला स्वतःला काही माहीत नसतं.

मावशींचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ७.२. बाईचं निदान १२ हवं.

रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन वाहणारे हमाल कमी. माल तेवढाच पोचवायचा तर उरलेल्यांनी जास्त खेपा करायच्या, म्हणून हंडा उचलला की हृदय धडधडतं. पण हे एका दिवसात झालेलं नव्हतं. वर्षानुवर्षं दर महिन्याला थोडं थोडं जात होतं, शरीर जुळवून घेत होतं आणि बाई सगळं अंगावर काढत होती. आपल्याकडे याला सोसणं म्हणतात आणि त्याचं कौतुक करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय निघाला. महाराष्ट्रात ५४. म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या बायका मोजा आणि एक सोडून एक धरा.

बीट लाल असतं म्हणून त्याने रक्त वाढत नाही. गूळ-शेंगदाणे, हळीवाचे लाडू, पालेभाज्या, कडधान्यं जरूर खा, वर लिंबू पिळा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. मांसाहार चालत असेल तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. पण ७ चं १२ ताटाने होत नाही, गोळ्याच लागतात. गोळी आणि चहा यांत तासाभराचं तरी अंतर ठेवा, नाहीतर चहा ती गोळी वाया घालवतो. जेवणाबरोबरच्या चहाचंही तेच. गोळीने शौचाला काळं होतं, घाबरू नका. आणि रिपोर्ट चांगला आला की गोळ्या बंद करायची घाई करू नका, कोठार भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. सगळ्यात महत्त्वाचं, रक्त कुठून जातंय ते शोधा. मावशींच्या गर्भाशयात गाठी होत्या. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोह कमी पडून घसरलं असेल, तर पोटात, आतड्यात कुठे रक्तस्राव होतोय का ते बघितल्याशिवाय नुसतं टॉनिक पिऊ नका.

थकव्यामागचा दुसरा चोर म्हणजे बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. शाकाहाऱ्याला ते मिळतं दूध-दह्यातून, तेही भरपूर घेतलं तर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची पाहणी छापली. त्यांत ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, आणि खेड्यातल्यांपेक्षा शहरी मध्यमवर्गात जास्त. थकव्याबरोबर तळपायाला मुंग्या येत असतील, जीभ सोलल्यासारखी होत असेल, विसरायला होत असेल तर हे तपासा. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही.

बाकीचे पटपट सांगते. संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय, दोन आठवड्यांवर खोकला, तर बेडका तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. तहान आणि लघवी वाढली, तर साखर. पाय सुजतात, उताणं झोपलं की दम कोंडतो, तर हृदय, आणि त्याच दिवशी. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या, बीपीच्या काही गोळ्यांनीही मरगळ येते. गोळ्यांची पिशवी डॉक्टरच्या टेबलावर ओता, पण मनाने बंद करू नका. डेंगू-चिकुनगुनिया, करोना होऊन गेल्यावर आठवडे, कधी महिने अंग धरत नाही. तापात जे रेणू रक्तातून मेंदूला "पडून राहा" असं सांगतात, त्यांचा निरोप कधी कधी ताप उतरल्यावरही थांबत नाही. घरच्यांनी त्याला नाटक म्हणू नये.

मी स्वतः काय केलं तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मला वर्षभर थकवा होता. वय, दवाखाना, मुलीची बारावी, सगळ्यांना दोष देऊन झाला. चहा सहा कपांवर गेला. एप्रिलमध्ये मी शाल घेऊन बसत होते, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. शेवटी दिवाळीला आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, तुमचा आवाज कसा घोगरा झालाय हो." तेव्हा कुठे थायरॉईडची टीएसएच तपासणी केली. चाळीसच्या वर, जिथे पाचच्या आत हवी. रोज दहा बायकांचा थायरॉईड पकडणारी मी. दिव्याखाली अंधार तो हाच.

म्हणून डॉक्टरकडे जाताना "वीकनेस आहे" एवढंच सांगू नका. त्यातून आम्हाला काही कळत नाही. डोळे मिटतात का? ते झोपेचं. दम लागतो का? ते रक्ताचं, हृदयाचं, छातीचं. उठावंसं वाटतं पण अंग उठू देत नाही? ते शरीराच्या आजाराचं असू शकतं. आणि अंगात ताकद असते, पण काही करावंसंच वाटत नाही, आवडीचं गाणं नको, नातवंड मांडीवर नको? ते मनाच्या आजाराचं. तोही आजारच आहे आणि त्याला औषध आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, लगेच लावा. विश्रांतीने, चांगल्या झोपेने दोन-तीन दिवसांत जातो तो थकवा तुमचा आणि तुमच्या कामाचा. दोन-तीन आठवडे हटत नाही तो आमच्याकडे आणायचा.

सगळ्या तपासण्या नीट आल्या तर? मग चाला. दमलेल्याला चाल म्हणणं क्रूर वाटतं, पण पडून राहिलेला स्नायू आटतो, आणि वापरलेल्या स्नायूतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या वाढतात. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, पुढे पाच-पाच वाढवा. याला एक अपवाद. तापानंतरचा असा थकवा असतो, की आज थोडं जास्त केलं तर उद्या-परवा माणूस पार झोपतो. त्याने नेट लावायचा नाही. चांगल्या दिवशीही निम्मंच काम करायचं आणि अधूनमधून बसायचं.

मावशींच्या गाठींवर जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार झाले, गोळ्या चालू राहिल्या. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. त्या सोमवारी पिशव्या पायरीशी टेकवून आत आल्या. "आता ब्येस हाय, मॅडम. हंडा उचलतीय." मग थोडं थांबून, मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "पर एक बाटली लावलीच तर?"

बाटली लावली नाही. आतल्या खोलीतल्या खाटेवर तासभर पडायला सांगितलं, पंखा लावून दिला आणि मुलाला म्हटलं, आईची तपासणी चालू आहे, भाजी तू घेऊन ये.